सिगारेट सोडताना चहाचं काय करायचं?

पुण्यात सिंहगड रोडवर आमचं मेडिकल आहे. शेजारी पानटपरी, तिच्या पलीकडे अमृततुल्य. सकाळी नऊच्या सुमाराला तिन्हीकडची गिऱ्हाइकं तीच असतात. आधी चहा, चहाबरोबर टपरीवरची एक सुटी सिगारेट, आणि मग आमच्या काउंटरवर ॲसिडिटीची गोळी. बावीस वर्षं मी हे बघते आहे. त्यामुळे कुणी आवाज खाली आणून बोलायला लागलं की पुढचं वाक्य काय असणार ते मला साधारण कळतं. मध्यंतरी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक मुलगा आला, पंचविशीचा असेल. "ताई, ते सिगरेट सोडायचं च्युइंगम असतं ना, ते द्या. एकच."

मी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?"

दिवसाला किती ओढतोस, असं मी विचारेन असं त्याला वाटलं असावं. जरा थांबून म्हणाला, "ब्रश करायच्या आधी."

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. निकोटीनची सवय शरीरात किती खोल गेली आहे हे मोजायला कार्ल फागरस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. १९९१ मध्ये ती सुधारून सहा प्रश्नांची झाली आणि आज जगभर तीच वापरतात. त्या सहांतला मला सगळ्यात कामाचा वाटतो तो हा. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तास झोपलात तर चार वेळा निम्मं, म्हणजे सोळावा हिस्सा उरतो. सकाळी डोळे उघडतात तेव्हा शरीर दिवसातल्या सगळ्यात मोठ्या टंचाईत असतं. ती टंचाई ज्याला अर्धा तासही सोसवत नाही त्याचं शरीर निकोटीनवर जास्त टेकलेलं आहे, मग तो दिवसाला पाचच का ओढेना.

निकोटीन करतं तरी काय? झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलिन नावाच्या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी बसवलेली कुलपं असतात. निकोटीनची किल्ली त्या कुलपांना नेमकी लागते. कुलूप उघडलं की डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. पण रोज दहा-पंधरा वेळा बाहेरून किल्ल्या येऊन पडायला लागल्या की मेंदू कुलपांची संख्याच वाढवतो. मग निकोटीन उतरलं की ही सगळी जास्तीची कुलपं रिकामी राहतात आणि किल्ली मागत बसतात. छाती भरून येते, चिडचिड होते, समोरचा काय बोलतो ते डोक्यात शिरत नाही. हीच तलफ.

"सिगरेटने टेन्शन जातं" हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकते. बोलणारा खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. सावकार आधी स्वतःच कर्जात पाडतो आणि मग हप्त्यापुरते पैसे उसने देऊन उपकार केल्यासारखा बघतो, तसं हे आहे. जे टेन्शन गेलं त्यातला बराचसा भाग आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळे आलेला होता. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची चिंता, उदासी आणि ताण काही काळाने न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसला. पहिले काही आठवडे मात्र उलटा अनुभव येतो, आणि बहुतेक माणसं तिथेच परत फिरतात.

माझा नवरा तिथेच परत फिरला होता. भोसरीत एका कारखान्यात तो शिफ्टमध्ये काम करतो. अठरा वर्षं दिवसाला बारा-चौदा सिगारेटी. पहिल्यांदा सोडली ती एक जानेवारीला, मनाशी ठरवून, कुणाला न सांगता, कसलीही तयारी न करता. तिसऱ्या दिवशी मुलाच्या हातून पाण्याची बाटली सांडली म्हणून घरात असा आवाज चढला की पोरगं रडत आत गेलं. त्याच संध्याकाळी तो खाली जाऊन सिगारेट ओढून आला. "माझ्यात दमच नाही," म्हणाला. आता वाटतं, त्याला कुणी एवढंच सांगितलं असतं तर! सोडल्यानंतरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो, मग उतरायला लागतो, आणि बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेली कुलपंही पुढच्या काही आठवड्यांत पुष्कळशी पूर्ववत होतात. तो घाटाच्या माथ्यावरून परत फिरला होता, आणि त्याला वाटलं की चढ अजून तसाच पुढे आहे.

दुसऱ्या वेळी तयारी होती. निकोटीनचा गम आणला होता, घरी सगळ्यांना सांगितलं होतं. पहिला आठवडा बरा गेला. पण सिगारेटच्या जागी चहा आला. कंपनीत चार, घरी दोन, बस थांबते तिथे अजून एखादा. दहाव्या दिवशी तो म्हणाला, रात्री झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधडतं, सिगारेट सुटल्याचा हा त्रास आता मला झेपणार नाही. मी फार्मसी शिकलेली, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आपल्या यकृतात सीवायपी१ए२ नावाचं एक एन्झाइम आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन मोडायचं काम मुख्यतः तेच करतं. तंबाखूच्या धुरातल्या डांबरात जे घटक असतात ते या एन्झाइमला जास्त काम करायला लावतात. म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं यकृत कॅफीन भराभर संपवतं, आणि म्हणूनच सहा चहा पिऊनही त्याला काही होत नाही. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत हे एन्झाइम आपल्या मूळ चालीवर येतं. चहा तेवढाच ठेवला तरी रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. नवऱ्याने तर चहा वाढवला होता. आणि हे निकोटीनमुळे नसून धुरामुळे होत असल्याने गम किंवा पॅच चालू असला तरी हा बदल व्हायचा तो होतोच. जास्तीच्या कॅफीनची लक्षणं कोणती? झोप न लागणं, थरथर, धडधड, चिडचिड. सिगारेट सोडल्यावरची लक्षणंही बरीचशी हीच. माणूस दोन्ही एकाच खात्यावर मांडतो आणि म्हणतो, माझ्याने होणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा: ज्या दिवशी सिगारेट बंद, त्या दिवसापासून चहा निम्मा. एकदम बंद करू नका. चहाची सवय असलेल्याने तो तोडला तर डोकं दुखतं आणि त्रासात आणखी एक भर पडते. सहा घेत असाल तर तीन घ्या, आणि संध्याकाळी पाचनंतर नको.

हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं. दम्यासाठी थिओफिलीनच्या गोळ्या चालू असतील, डेरिफिलिन त्यातलीच, तर सिगारेट सोडणार आहात हे डॉक्टरांना आधी सांगा. ओलांझापिन किंवा क्लोझापिन ही मानसिक आजारावरची औषधं घेणाऱ्यांनी तर नक्कीच. तोच डोस अंगावर जास्त पडू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखरेवर जवळून लक्ष ठेवावं. औषधांच्या भीतीने सिगारेट चालू ठेवायची, असा याचा अर्थ अजिबात नाही. डोस बदलून घ्यायचा, इतकंच.

आता गमबद्दल. दहातल्या आठ जणांना तो कसा खायचा ते कुणी सांगितलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. लोक तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात की उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो, फायदा काही नाही. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्रास देतं आणि यकृतातून जाताना बरंचसं वाया जातं. म्हणून सावकाश चावायचा, जिभेला तिखट, चुरचुरीत लागेपर्यंतच. तसं लागलं की चावणं थांबवून तो गालाच्या आत, हिरडीजवळ ठेवून द्यायचा. चव विरली की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला. असा एक गम अर्धा तास चालतो. आणि इथेही चहा आडवा येतो. चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडातली आम्लता वाढते आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. टपरीवर उभं राहून एका हातात चहा आणि तोंडात गम, असं बघितलं की मला बाहेर जाऊन सांगावंसं वाटतं.

दुसरी चूक म्हणजे फार कमी घेणं. "एकच द्या" म्हणणारे बहुतेक सगळे ही करतात. तलफ आल्यावर गम काढला तर त्याचा पूर्ण असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर माणूस टपरीवर पोचलेला असतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, घड्याळ लावून घ्यायचा, मग हळूहळू अंतर वाढवत तीनेक महिन्यांत थांबवायचा. २ मिलिग्रॅमचा गम आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना बहुधा ४ मिलिग्रॅमचा लागतो आणि त्याला चिठ्ठी हवी. "निकोटीन सोडायला निकोटीनच?" असं बायका हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. कॅन्सर होतो तो धुरातल्या डांबरामुळे आणि त्यातल्या इतर विषांमुळे. धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली निदान सत्तर कॅन्सर करणारी आहेत. निकोटीन माणसाला बांधून ठेवतं. गमने ते हळू आणि थोडं मिळतं, त्यामुळे गाठ सैल करत नेता येते. गरोदर बाई असेल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देत नाही.

पॅच दंडावर चिकटवायचा आणि विसरून जायचा. दिवसभर संथ निकोटीन मिळत राहतं. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणारे सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करून पुढे १४ आणि ७ वर येतात. पॅच आणि वर तलफेपुरता गम, ही जोडी नुसत्या एकापेक्षा चांगली चालते. व्हेरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. व्हेरेनिक्लिन त्याच कुलपात अर्धवट बसतं, तलफ मंदावते आणि मधे सिगारेट ओढलीच तर तिची मजाही येत नाही. ती सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, जेवणानंतर घेतात, काहींना मळमळ होते, विचित्र स्वप्नं पडतात. फिट येणाऱ्यांना ब्युप्रोपियॉन चालत नाही.

नवऱ्याकडे परत येते. चहा कमी केला, झोप लागायला लागली, आणि तो दहा महिने सिगारेटशिवाय राहिला. मग अनंत चतुर्दशी आली. दरवर्षी मित्रांबरोबर तो लक्ष्मी रोडवर मिरवणूक बघायला जातो. पहाटे तीन वाजता, अलका चौकाच्या अलीकडे, ढोलांच्या आवाजात, पाय दुखत असताना कुणीतरी पाकीट पुढे केलं. "एकाने काय होतंय," असं त्याला त्या मित्राने नाही, त्याच्याच मनाने सांगितलं. दसऱ्यापर्यंत तो परत दहावर होता.

दहा महिन्यांत शरीर तर कधीच मोकळं झालं होतं, मग ती एक सिगारेट आली कुठून? मला वाटतं, सगळ्या विषयात हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. शरीराचं देणं काही आठवड्यांत फिटतं. पण मेंदूने अठरा वर्षं प्रत्येक गोष्टीला सिगारेट जोडून ठेवलेली असते: जेवणानंतरचा वारा, शिफ्ट सुटल्याचा भोंगा, पहिला पाऊस, मित्राच्या खांद्यावर हात, मिरवणुकीतली पहाट. रोजचे प्रसंग रोज येतात, त्यामुळे सिगारेटशिवाय शंभर वेळा येऊन गेले की त्यांची धार बोथट होते. वर्षातून एकदाच येणाऱ्या प्रसंगाची धार मात्र तशीच राहिलेली असते. दहा महिने सोडून राहिलेला माणूस विसर्जनाच्या रात्रीपुरता पहिल्याच दिवसावर असतो.

तिसऱ्या वेळी आम्ही वही घेऊन बसलो. एका बाजूला त्याच्या सिगारेटी कुठे, कधी, कुणाबरोबर, आणि समोर त्या जागी काय करायचं ते. दिवसपाळीचा आठवडा बघून तारीख धरली, कारण रात्रपाळीत झोप मोडते आणि तलफ वाढते. लायटर, ॲशट्रे, गाडीच्या डिकीतलं जुनं पाकीट, सगळं आदल्या रात्री टाकलं. खालच्या टपरीवाल्याला त्याने स्वतः सांगितलं, "भाऊ, मागितली तरी देऊ नकोस," आणि त्या माणसाने खरंच दिली नाही, दोनदा. तलफेची एक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात हातपाय धुणं, गॅलरीत फेऱ्या, बहिणीला फोन, जे जमेल ते त्याने केलं. रविवारी सकाळी टपरीवरच्या कट्ट्याऐवजी तळजाईला जायला लागला. वजन चार किलो वाढलं. बहुतेकांचं साधारण इतकं वाढतं आणि त्याची फार चिंता करू नये. पहिल्या तीन महिन्यांत डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई पुरे. मी "ओढलीस का?" हा प्रश्न विचारणं बंद केलं. त्याने घरातलं वातावरण जितकं निवळलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

आणि पुढच्या चतुर्दशीला तो मिरवणुकीला गेलाच नाही. त्यापुढच्या वर्षी गेला, मला आणि मुलाला घेऊन, संध्याकाळी आठला परत. आता सहा वर्षं झाली.

"हळूहळू कमी करतो" म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. इंग्लंडमध्ये सुमारे सातशे जणांवर केलेला हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी सिगारेटशिवाय होते, हळूहळू कमी करत गेलेल्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना गम-पॅच आणि समुपदेशनाचा आधार होता, हे लक्षात ठेवा. आणि जे एकावर येऊन थांबतात आणि समाधान मानतात त्यांच्यासाठी: दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा.

सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागणारे, मिश्री लावायला लागणारे, सुपारी चघळणारेही मी रोज बघते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते आणि धूर काढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे तोंडातली तंबाखू हाताशीच असते. नुसती सुपारीही तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरते. तोंडात काही हवंच असेल तर बडीशेप, लवंग, दालचिनीचा तुकडा ठेवा.

उशीर झाला असं वाटत असेल तर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं केलेला पाठपुरावा बघा. कायम ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं लवकर गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळपास सगळी वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनीही तीन. आमच्याकडे येणाऱ्या आजोबांना मी हा शेवटचा आकडा सांगते. तीन वर्षांत नातवाची दहावी होते.

मदत फुकटही मिळते. १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापतात. पण सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही, म्हणून इथे लिहिला. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर सुटीच जास्त खपते. सिगारेटबरोबर दारूही जोडलेली असेल तर डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आपल्या येरवड्यातच आहे.

त्या मुलाला मी एक गम दिला नाही, पूर्ण पाकीट दिलं, गालात कसा ठेवायचा ते दाखवलं आणि चहा निम्मा करायला सांगितलं. दोन आठवड्यांनी तो परत आला, जरा घाबरलेला. "ताई, सोडल्यापासून खोकला वाढलाय. ओढत होतो तेव्हा एवढा नव्हता. कफ सिरप द्या."

श्वासनलिकेच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कचरा आणि कफ वर ढकलत राहतात. धुराने ते लुळे पडलेले असतात. सिगारेट बंद झाली की पुन्हा हलायला लागतात आणि इतक्या वर्षांचा साचलेला गाळ बाहेर काढतात. तो खोकला दाबायचा नसतो. काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. रक्त पडलं, ताप आला किंवा दम लागला तर डॉक्टरकडे जायचं. मी त्याला सिरप दिलं नाही. कोमट पाणी प्यायला सांगितलं आणि विचारलं, "चहा किती चाललाय?"

"दोन. आणि पहिला ब्रश केल्यावर."